पाणी आलं, पण कुणाच्या नावावर?

पुण्यात कुणी 'गाव कुठलं?' विचारलं की नुसतं 'आटपाडी' म्हणून भागत नाही. 'सांगली जिल्हा' अशी पुस्ती जोडावी लागते. मग समोरचा खूश होऊन म्हणतो, "वा! कृष्णाकाठ, ऊस, मळे... मजा आहे!" बाबा रे, आमचा माणदेश. नदी माणगंगा, आणि तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. कृष्णेचं पाणी हवं तर ते कराडजवळच्या टेंभूहून पंपांनी उचलून, टप्प्याटप्प्याने वर चढवावं लागतं.

त्यामुळे आमच्याकडच्या इलेक्शनचा अजेंडा सांगायला एक्झिट पोल लागत नाही. पाणी! विटा-आटपाडीकडचा आमचा खानापूर मतदारसंघ. इथून चार वेळा आमदार झालेले अनिल बाबर ओळखले जायचे ते टेंभू योजनेसाठीच. ३१ जानेवारी २०२४ ला ते गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचे चिरंजीव सुहास बाबर निवडून आले. त्या मतदानाला मी रजा टाकून गावी गेले होते. घरी विषय एकच, डाळिंब. पाणी आल्यापासून आमच्या रानाचा भाव कसा चढला, हे काका रंगवून सांगत होते.

बागेत कामाला येणाऱ्या मावशींना मी विचारलं, "तुमच्या वस्तीवर उमेदवार काय देतो म्हणाला?"

"पाणी देतो म्हनला. पर आमाला रानच न्हाई, तर पाणी घालू कुठं? डोस्क्यावर?"

त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

समतेचा उल्लेख नाही असं प्रचाराचं भाषण आपल्याकडे सापडणार नाही. धनगर समाज आमच्याकडे मोठा. त्यांना भटक्या जमातींत साडेतीन टक्के आरक्षण आहे आणि अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी जुनी आहे. ती लढाई शिक्षणाची, नोकऱ्यांची, महत्त्वाचीच. पण पाणी सातबाऱ्याला बांधलं, की ज्याच्याकडे रान त्याचंच भलं होतं. आणि रान कुणाकडे आहे, हे गावात जातीनेच ठरत आलंय.

आटपाडीच्याच शंकरराव खरातांचं 'तराळ-अंतराळ' वाचलंय? विहिरीतलं प्रेत बाहेर काढायला पोलिसांनी त्यांच्या वडिलांना उतरवलं होतं. गावकीचं काम, नाही म्हणायची सोय नाही. विहिरीत उतरायचं काम ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांच्या वाट्याला पाणी किती आलं?

गंमत म्हणजे याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरत आल्या. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, सांगोल्याचे गणपतराव देशमुख ही मंडळी त्यात होती. मागणी होती समन्यायी पाणीवाटपाची: पाण्याचा हक्क कुटुंबाला, मग त्याच्याकडे जमीन असो वा नसो. त्याआधी पुरंदरमध्ये विलासराव साळुंखेंच्या पाणी पंचायतीने घरातल्या माणसांच्या हिशोबाने पाणी वाटून दाखवलं होतं, आणि त्यात ऊस नाही! आमच्या शेजारी येरळेवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं, तिथेही भूमिहीनांचा वाटा धरला गेला.

भूमिहीन पाण्याचं करणार काय, असं ऑफिसमधल्या कलीगने मला विचारलं. अरे, साधं आहे. नावावर पाणी असलं की मावशी कुणाचं पडीक रान वाट्याने करू शकतील. रान त्याचं, पाणी यांचं. आज त्या मजुरी मागायला आमच्या दारात येतात. उद्या रानवाला पाणी मागायला त्यांच्या दारात जाईल. दोन शेरडांचा चारा पिकला तरी पुष्कळ.

म्हणून 'पाणी आणलं' एवढ्यावर मला उमेदवार पास करायचा नाही. वाटा माणशी की एकरी? यादीत भूमिहीनांची नावं आहेत का? पाणीपट्टी कुणी किती भरायची? एवढं त्याने माइकवर सांगावं.

हे मी काकांना बोलले. काका गप्प. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या बागेचं पाणी कमी करायचं?"

"हो, थोडं कमी होईल."

"तू पगारदार. तुझं काय जातंय!"

त्यांचंही खोटं नाही. माझा पगार पावसावर अवलंबून नाही, बाग मात्र आहे. तरी पुढच्या इलेक्शनला उमेदवार आमच्या अंगणात चहा प्यायला बसला, की हा प्रश्न मी काकांसमोरच विचारणार आहे. मावशींना बोलावून.