लाख चित्रांचा राम

कार्टूनचा विषय निघाला की आपल्या हॉस्टेलवर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक रात्र रात्र जागून अ‍ॅनिमे बघणारी आणि दुसरी "अजून लहान आहेस का रे?" असं विचारणारी. अस्मादिक पहिल्या पार्टीतले. पण खरं सांगू का मित्रांनो, बरीच वर्षं मी निराशच होत होतो. पौराणिक कार्टून लावावं तर देव जमिनीवरून घसरत चालल्यासारखे सरकणार, लढाईत तोच बाण दहा वेळा सुटणार. जपानी मालिका लावावी तर माणूस पुतळ्यासारखा उभा, नुसते ओठ हलतात! कॉम्प्युटर इतके सुधारले, मग चित्रं अशी निर्जीव का?

याचं उत्तर सापडलं ते एका जुन्या सिनेमात. 'रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स राम'. २४ जानेवारी २०२५ ला तो ४के रूपात आपल्याकडे थिएटरात लागला. सिनेमा मात्र १९९२ चा! जपानचे युगो साको १९८३ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करत होते. तिथे त्यांना रामायणाने झपाटलं. मग कोइची सासाकी आणि आपल्या मुंबईचे राम मोहन यांच्यासोबत त्यांनी हा सिनेमा केला. राम मोहन म्हणजे 'मीना' कार्टूनवाले. संगीत वनराज भाटियांचं.

सुमारे ४५० कलाकार आणि हाताने काढलेली जवळपास १ लाख चित्रं! इंजिनिअर माणूस, हिशोब करणारच. १३५ मिनिटं, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १,९४,४०० फ्रेम. अ‍ॅनिमेत एकच चित्र दोन-तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणून लाखात भागलं. भागलं म्हणजे काय, लाख वेळा कुणीतरी मान खाली घालून बसलं होतं!

सिनेमाला सोबत होते पिंपळनेरचे माझे काका. ते कामानिमित्त शहरात आले होते. काका पेंटर. साक्रीपासून नवापूरपर्यंत दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, भिंतींवरच्या जाहिराती त्यांनी रंगवल्या. मग फ्लेक्स आला. तासाभरात बोर्ड छापून मिळायला लागला आणि काकांचे ब्रश माळ्यावर गेले.

"कार्टून काय बघायचं?" म्हणत ते बसले खरे, पण वनवासातलं जंगल आलं तसे खुर्चीत पुढे सरकले. हळूच म्हणाले, "हाई पानं पान कोनीतरी बसीसन काढेल शे रे पोऱ्या!" कुंभकर्ण उठला तेव्हा तर बाजूच्या लहान पोरांपेक्षा काकांचेच डोळे मोठे झाले होते.

बाहेर चहा पिताना मी त्यांना पद्धत सांगितली. पारदर्शक शीटवर पुढून रेघा काढायच्या, मागच्या बाजूने रंग भरायचा, मग ती शीट रंगवलेल्या देखाव्यावर ठेवून फोटो घ्यायचा. काका हसायला लागले. दुकानाच्या काचेवर आतून उलटी अक्षरं रंगवायची, तशातलंच हे! जपानी चित्रकाराची आणि आमच्या काकांची ओळख तिथे टपरीवर झाली. निघताना त्यांनी विचारलं, "आता ती माणसं काय करत असतील?" मला उत्तर देता आलं नाही.

आपण कॅड शिकतो, उद्या सॉफ्टवेअर लिहू. कॉम्प्युटरशी माझं भांडण नाही, त्यावरही जीव ओतून काम करणारे आहेतच. पण "चालतंय की" म्हणून वाचवलेले कष्ट पडद्यावर दिसतात आणि घेतलेले कष्ट तीस वर्षांनीही दिसतात, एवढं मला कळलं.

असो. यंदाच्या गॅदरिंगला फ्लेक्स नको, कापडी फलक रंगवून घेऊ. काका यायला तयार आहेत, ब्रश माळ्यावरून खाली आलेत. मजुरी किती म्हटलं तर म्हणाले, आधी कापड तर आणा. तेव्हा रंगाचे आणि काकांच्या मजुरीचे पैसे कोण कोण काढणार, ते रात्री मेसमध्ये सांगा!