सहीच्या आधी

नोकरीचा बॉण्ड म्हटलं, की मला शांता आपटे आठवते. १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये म्हाताऱ्याशी लावलेलं लग्न ठामपणे नाकारणारी नीरा तिनंच साकारली होती. तेव्हा नटनट्या स्टुडिओच्या पगारावर असत; करार झाला की बाहेरचं काम बंद! १९३९ मध्ये ‘प्रभात’शी बिनसलं, तेव्हा ही स्टार पुण्यात स्टुडिओच्या फाटकाशी चक्क उपोषणाला बसली. पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून तिनं त्या धंद्याची खरी बाजू मांडली.

आमच्या वरवट बकालमध्ये पोरीला पुण्यात नोकरी लागली, की पेढे वाटतात. बॉण्ड कोण वाचतो? पेढे खाऊच, पण शांताला जे फाटकाशी बसून मागावं लागलं, ते आपण सहीआधी टेबलावरच विचारू शकतो ना!