फिशपाँडची पेटी

सेंडऑफला प्राचार्य काय बोलले ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. लक्षात राहतात ते फिशपाँड. आमचे मराठीचे सर त्यांना आवर्जून शेलापागोटे म्हणायचे, पण बाकी साऱ्या भंडाऱ्यात ते फिशपाँडच. मी बी.एस्सी. फायनलला होते. 1999 चा फेब्रुवारी. परीक्षा तोंडावर आलेली, जर्नलं सह्यांसाठी अडकलेली, आणि व्हरांड्यात सोनेरी कागद चिकटवलेली बुटांची रिकामी पेटी ठेवलेली. झाकणाला चीर पाडलेली. ज्याला ज्याच्याविषयी जे म्हणायचं असेल, ते त्यानं चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं. खाली स्वतःचं नाव नाही. सेंडऑफच्या दिवशी सेकंड इयरची मुलं ते माइकवर वाचणार आणि फायनलवाले उठून उभे राहणार.

त्या वर्षी विषय ठरला होता, ‘पाच वर्षांनी तुम्ही काय असाल’. त्यामुळे सगळ्या चिठ्ठ्या भविष्याच्या होत्या, आणि बहुतेक यमक जुळवून लिहिलेल्या. आमच्या भागातल्या पोरांना यमक शिकवावं लागत नाही. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार नाहीतर खडी गंमत चालते. समोरच्याची फजिती दोन ओळींत कशी करावी हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. वरठीचा एक वर्गमित्र रोज पहिला तास बुडवायचा आणि रोज रेल्वेला दोष द्यायचा. त्याच्यासाठी आलेली चिठ्ठी अशी होती:

गाडी लेट, पोट्टा लेट, हजेरीत नाही नाव,
स्टेशनमास्तर होईन अन् थांबवून ठेवीन गाव.

तुमसरच्या राइस मिलवाल्याच्या मुलाला टायट्रेशनचा एंड पॉइंट कधी साधला नाही. पण मूठभर तांदूळ हातावर घेऊन धान कोणतं, जुनं की नवं, ते तो सांगायचा. त्याच्या भाकितात केमिस्ट्रीचं नावही नव्हतं, पोत्यांचे भाव होते. सरांची हुबेहूब नक्कल करणाऱ्याला सगळ्यांनी मिळून वडशाच्या नाटक कंपनीत पाठवलं होतं. झाडीपट्टीच्या नाटकांचं ते मोठं केंद्र, म्हणजे हा आमच्या लेखी सर्वोच्च मान.

आमगाव, देवरी, सालेकशाची मुलं वर्गात बरीच होती. भंडारा जिल्हा तेव्हा थेट मध्य प्रदेशच्या सीमेपर्यंत पसरलेला होता. छत्तीसगड वेगळं व्हायला अजून अवकाश होता. गोंदिया जिल्हा होणार ही चर्चा मात्र पानठेल्यापासून स्टाफरूमपर्यंत सगळीकडे होती. आमगावच्या मुलाला चिठ्ठी आली: ‘पाच वर्षांनी याले भंडाऱ्यात याले पासपोर्ट लागीन, मामाच्या घरी जाले मामाच व्हिसा मागीन.’ हॉल अर्धा मिनिट शांतच होईना. 1 मे 1999 ला गोंदिया खरंच वेगळा झाला. प्रवेश घेताना आम्ही एका जिल्ह्याचे होतो, निकाल हातात आला तेव्हा दोन.

फिशपाँडकमिटीत मी होते, म्हणून आदल्या दुपारची गोष्ट मला माहीत आहे. बॉटनीच्या लॅबमध्ये पेटी उलटी करून सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या. कोणी वहीच्या पानावर लिहिलेलं, कोणी बसच्या तिकिटामागे. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून काहींनी डाव्या हातानं लिहिलं होतं, पण तीन वर्षं एकमेकांची जर्नलं उतरवलेल्या आम्हाला ‘क’ची शेपूट पाहूनच माणूस कळायचा. आमच्या मॅडम लाल पेन घेऊन बसल्या. त्यांचे नियम त्यांनी आधीच सांगितले होते: जातीवर नाही, रंगरूपावर नाही, कोणाच्या घरच्या परिस्थितीवर नाही. चिठ्ठ्यांचा एक चांगला गठ्ठा असाच बाजूला गेला. त्यातल्या काही वाचून आम्ही हसलो होतो, पण मॅडम हसल्या नाहीत.

मग त्यांनी हजेरीपट मागवला. ज्याच्या नावे एकही चिठ्ठी नाही, त्याच्यासाठी कमिटीनं लिहायचं. हॉलमधून कोणी आपलं नाव ऐकल्याशिवाय परत जायला नको, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेतल्या शाळांच्या वार्षिकांकांत ‘सर्वांत यशस्वी होईल असा’ एक आणि ‘सर्वांत गमत्या’ एक निवडतात, असं मी पुढं वाचलं. निवड झाली की बाकीचे उरतातच. मॅडमच्या पद्धतीत कोणी उरत नव्हतं, आणि मला आजही तीच पद्धत थोर वाटते.

पवनी तालुक्यातल्या एका मुलाच्या नावे पेटीत एकच चिठ्ठी होती. तो मागच्या बाकावर बसायचा, विचारल्याशिवाय बोलायचा नाही. त्याचं गाव वैनगंगेच्या काठी. चिठ्ठीत लिहिलं होतं, पाच वर्षांनी याच्या घरी जायला बोट लागेल. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नसावं. त्याला ते नुसतं गमतीचं वाटलं असणार. मॅडमनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि आडवी रेघ मारली. ‘हे नाही वाचायचं,’ त्या म्हणाल्या. ‘हे खरं होणार आहे.’

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते 22 एप्रिल 1988 ला झाली होती. 372 कोटींचा म्हणून सुरू झालेला प्रकल्प. खर्च पुढं हजारो कोटींत गेला आणि 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. कालव्याचं पाणी कोणाकोणाला मिळेल याचे नकाशे आम्ही पेपरात पाहिले होते. कोणाची घरं बुडणार याचा नकाशा वर्गात आमच्यासोबत बसलेला होता, आणि आम्ही त्याला कधी काही विचारलं नव्हतं.

चिठ्ठी बाद झाली, म्हणजे त्याच्यासाठी आता आम्ही लिहायचं होतं. पाचजण बसलो आणि कोणालाच एक ओळ सुचेना. विनोद करायला माणूस माहीत असावा लागतो. कोणाची उशिरा यायची सवय, कोणाचं डबा लपवणं, कोणाचं ‘मंजे कसं आहे’ म्हणत वाक्य सुरू करणं, हे तीन वर्षं पाहिलेलं असतं म्हणून तर दोन ओळी जमतात. या मुलाचं आम्ही काहीच पाहिलं नव्हतं. शेवटी एकजण सायकल काढून हॉस्टेलवर गेला आणि त्याच्या खोलीतल्या सोबत्याला विचारून आला. परत आला तो धापा टाकतच: ‘अबे, परीक्षेच्या दिवसात पहाटे चारले साऱ्या हॉस्टेलचे दारं हाच वाजवते! घड्याळ नाही त्याच्याजवळ, तरी चुकत नाही.’ हॉस्टेलच्या अर्ध्या मुलांचे पेपर त्याच्यामुळे वेळेवर लिहून झाले होते. दुसऱ्या दिवशी वाचलं गेलं ते हे:

पहाटे चारले ज्यानं साऱ्या हॉस्टेलचं दार वाजवलं,
पाहून घेजा, गावाचं नशीबही यानंच जागवलं.

हॉस्टेलची मुलं बाक वाजवायला लागली. तो उभा राहिला, मान खाली, पण कानापर्यंत हसला. पुढं काही वर्षांनी त्याचं गाव गेलं. आता तो पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात राहतो आणि प्रकल्पग्रस्तांचे अर्ज, दाखले, मोबदल्याची कागदपत्रं लिहून देतो. गावाचं नशीब जागं झालं असं मी म्हणणार नाही. दार वाजवायचं काम मात्र त्यानं सोडलेलं नाही.

त्या लाल पेनातून एक गोष्ट सुटली, आणि ती आमच्यापैकी कोणाच्याच तेव्हा ध्यानात आली नाही. मुलींच्या चिठ्ठ्या. मुलं स्टेशनमास्तर झाली, सरपंच झाली, नट झाली. मुली एकजात सासरी गेल्या. माझ्या वाट्याला आलेलं असं:

इनऑर्गॅनिकचे सारे फॉर्म्युले हिले तोंडपाठ,
सासरी सासूसंग हिची रोजच पडन गाठ.

मोहाडीकडची एक मैत्रीण, कोसा विणणाऱ्या घरातली. युनिव्हर्सिटीच्या पेपरांत आमच्यात सगळ्यांत पुढं तीच असायची. तिच्या वहीवर अर्धा वर्ग पास झाला. तिच्या भाकितातही पोळ्या आणि सासूच. आम्ही सगळ्या खळखळून हसलो, ते हसू खोटं नव्हतं. पण ज्यांनी आमच्या वह्या इतक्या बारकाईनं उतरवल्या, त्यांना आमच्यापुढं लग्नाशिवाय दुसरं काही दिसलंच नाही, याचं मला आता वाईट वाटतं. आणि चिठ्ठ्यांतल्या निम्म्या तर मुलींनीच लिहिलेल्या होत्या. मैत्रिणीचं त्याच वर्षी मे महिन्यात लग्न झालं. एम.एस्सी.चा फॉर्म तिनं भरला होता, नागपूरला राहायची सोयही पाहून ठेवली होती. ती गेली नाही.

मी शिक्षिका झाले. आमच्या ज्युनियर कॉलेजात बारावीच्या सेंडऑफची जबाबदारी बरीच वर्षं माझ्याकडे आहे. आता मुलं चिठ्ठ्या मोबाइलवरच पाठवतात, टायटलचे चमकी लावलेले पट्टे बाजारातून आणतात, काही विनोद तर इंटरनेटवरून जसेच्या तसे उचललेले असतात. असे मी परत पाठवते. तुमच्या वर्गातल्या मुलीवर लिहा, कोणत्याही मुलीला लागू होईल असं नको, एवढंच सांगते. हजेरीपट घेऊन बसते. मॅडमच्या तीन नियमांत माझा एक जोडलेला आहे: सासर चालणार नाही. पहिल्या वर्षी मुलं कुरकुरली, ‘मग पोट्ट्यांवर काय लिहाचं, मॅडम?’ मी म्हटलं, पाहा जरा त्यांच्याकडे, सापडेल.

सापडतं. लाखांदूरकडची एक मुलगी पावसाळ्यात आईसोबत सकाळी रोवण्याला जाते आणि अकराच्या प्रॅक्टिकलला न चुकता हजर असते. नखांतला चिखल तसाच. यंदा तिच्या बाकावरच्या मैत्रिणीनं लिहिलं:

सकाळी रोवणा करून जे प्रॅक्टिकलले आली,
पाच सालानं पाहाल, हे कृषी अधिकारी झाली.

वाचून झालं, टाळ्या पडल्या. पोरगी उभी राहिली, माइकपर्यंत चालत आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ‘कृषी अधिकारी नाही. तहसीलदार. दुरुस्त करा.’ मी तिथंच पेन काढून चिठ्ठी दुरुस्त केली.