फोटो तिथे, पैसे इथे

फोटो इन्स्टाग्रामवर, पैसे मात्र ईमेलमध्ये. साड्यांवर लिहायला लागल्यापासून माझ्या दिवसाची अशी वाटणी झाली आहे. सकाळी आधी मेल उघडते, कारण डीएममध्ये शिरलं की चहा गार झालाच म्हणून समजा. मेल बहुतेक ‘बार्टर’चे: आम्ही साडी पाठवतो, तुम्ही रील करा. वीजबिल साडी देऊन भरता येत नाही, असं मी हल्ली गोड शब्दांत कळवते. शिवाय १ जुलै २०२२ पासून अशा भेटींची किंमत वर्षात २०,००० रुपयांवर गेली, तर १० टक्के टीडीएस लागतो. वस्तू परत केली तर नाही. आईला हे पटतच नाही. “भेटीवर कसला गं कर?”

डीएममध्ये जास्त जीव रमतो. पैठणी हातमागाची की यंत्रमागाची, फोटो बघून सांगा म्हणतात. मी म्हणते, आधी पदराची मागची बाजू दाखव. हातमागावर विणलेला मोर दोन्हीकडून जवळपास सारखाच दिसतो. मागे सुटे धागे लोंबत असतील तर शंका घ्यावी. आत्तापर्यंत कोणाकोणाच्या पदराच्या पाठी पाहिल्या असतील, देव जाणे! यातून दमडी मिळत नाही, पण वाचणाऱ्या टिकतात त्या यामुळेच.

पैसे घेतलेल्या रीलवर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहावं लागतं. त्याने लाइक घटतात म्हणे. घटोत बापडे.

दिवाळीच्या रीलचं बिल अजून ‘प्रोसेसमध्ये’ आहे. उद्या पुन्हा मेल टाकायचा, या वेळी विषयातच रक्कम लिहून.