सुखरूप उतरलेली विमानं

मी विमानांशी संबंधित काम करते असं कळलं की लोक आधी स्वस्त तिकिटांबद्दल विचारतात आणि मग भीतीबद्दल. दोन्हींत माझा काही उपयोग नाही. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि माझं काम विमान उतरल्यानंतर सुरू होतं. विमानातल्या रेकॉर्डरमधून निघालेली फाईल आमच्याकडे येते. वेग, उंची, इंजिनं, कॉकपिटमधला दांडा किती हलला, असे शेकडो आकडे, सेकंदासेकंदाचे. आमचा कोड ते वाचतो आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर काही गेलं असेल तर तिथे खूण करतो. या खुणेला आम्ही ‘इव्हेंट’ म्हणतो.

आमचे बरेचसे ग्राहक बिझनेस जेटवाले आहेत. म्हणजे कंपन्यांची, उद्योगपतींची, चार्टरची विमानं. दोन-तीन विमानं, आठ-दहा पायलट, एक छोटं ऑफिस. त्या ऑफिसात एक माणूस असतो, ज्याच्या मेलबॉक्समध्ये माझ्या कोडने काढलेले इव्हेंट जाऊन पडतात. त्याला कुठे सेफ्टी मॅनेजर म्हणतात, कुठे डायरेक्टर ऑफ सेफ्टी, आपल्याकडे चीफ ऑफ फ्लाइट सेफ्टी. चार वर्षं मी या लोकांशी जवळपास रोज बोलतेय. गेल्या महिन्यात एका ऑपरेटरकडून मला त्यांच्या सेफ्टी विभागातल्या नोकरीबद्दल विचारणा झाली. पगार आत्ताच्या निम्म्याहून थोडा जास्त. आईने आकडा ऐकला आणि जेवणं होईपर्यंत काही बोलली नाही. म्हणून हे काम नेमकं काय आहे, ते एकदा नीट मांडून पाहतेय.

सुरुवात एका अपघातापासून करावी लागेल. ३१ मे २०१४ ची रात्र. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बेडफर्डचा हॅन्सकॉम फील्ड विमानतळ. गल्फस्ट्रीम जी-फोर जातीचं खासगी जेट, आत सात माणसं. विमान उभं असताना वाऱ्याने त्याचे हलते भाग आपटू नयेत म्हणून ते अडकवून ठेवायची सोय असते, तिला गस्ट लॉक म्हणतात. निघण्याआधी ते काढायचं असतं. त्या रात्री ते तसंच राहिलं. विमान धावपट्टीवर सुसाट धावलं, पण नाक वर येईना. धावपट्टी संपली, विमान पुढच्या ओढ्याच्या खोलगट भागात जाऊन पेटलं. सातही जण गेले.

गस्ट लॉक राहिलंय का हे कळायला अवघड काही लागत नाही. निघण्याआधी दांडा पूर्ण पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे फिरवून बघायचा, पेडल दाबून बघायचे. काही सेकंदांचं काम आणि चेकलिस्टमध्येच असलेलं. तपास करणाऱ्या एनटीएसबी या सरकारी संस्थेने त्या विमानाच्या क्विक अ‍ॅक्सेस रेकॉर्डरमधला जुना डेटा काढला. आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के वेळा ही तपासणी पूर्ण केलेलीच नव्हती. दोघंही पायलट अनुभवी, वर्षानुवर्षं एकत्र उडणारे. विमानाच्या रचनेतही खोट होती. लॉक लागलेलं असताना इंजिनाची ताकद फार वाढवता येऊ नये अशी योजना होती, ती पुरेशी चालली नाही. हे सगळं अहवालात आहे. पण मी दर वेळी १७५ या आकड्याशी थांबते.

कारण ती १७५ उड्डाणं सुखरूप उतरली होती. डेटा विमानातच होता. अपघात होईपर्यंत या नजरेने तो कुणी वाचला नव्हता. आणि हा ऑपरेटर काही बेफिकीर म्हणून ओळखला जात नव्हता. बिझनेस जेटसाठी आयएस-बाओ नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक २००२ पासून आहे, त्याचं ऑडिटही त्यांनी पार केलेलं होतं.

हे फक्त त्या दोघांचंच होतं का? एनटीएसबीच्या शिफारशीवरून अमेरिकेतल्या बिझनेस एव्हिएशनच्या संघटनेने, एनबीएएने, २०१३ ते २०१५ मधल्या १,४३,७५६ उड्डाणांचा डेटा तपासून घेतला. जवळपास १८ टक्के उड्डाणांत तपासणी पूर्ण नव्हती. बहुतेक ठिकाणी अर्धवट, सुमारे दोन टक्क्यांत अजिबात नाही.

माझ्यासारख्या इंजिनिअरला इथे वाटतं, झालं, प्रश्न सुटला. इव्हेंट लिहा, धावपट्टीवर वेग वाढायच्या आधी दांडा दोन्ही टोकांना गेला का ते बघा, नाही गेला तर मेल पाठवा. असा इव्हेंट मी लिहिलेला आहे. फार मोठा कोड नाही. पण मेल उघडणाऱ्याने पुढे काय करायचं?

पायलटला बोलावून झापलं तर पुढच्या वेळी दांडा हलेल, पण रेकॉर्डरसाठी. आणि दुसऱ्या दिवसापासून कुणी आपणहून काही सांगणार नाही. विमानवाहतुकीने हे फार आधी ओळखलं. अमेरिकेत १९७६ पासून पायलट आपल्याच गडबडी ‘नासा’कडे गोपनीय रिपोर्ट करून पाठवू शकतात. शिक्षा करणाऱ्या खात्याकडे न पाठवता तिसऱ्याकडे पाठवायच्या, ही त्यातली खरी गोम. सेफ्टीच्या भाषेत याला जस्ट कल्चर म्हणतात. नजरचुकीला शिक्षा नाही, जाणूनबुजून केलेल्या बेपर्वाईला माफी नाही. आणि सगळेच जण एखादी गोष्ट टाळत असतील तर आधी ती का टाळली जातेय ते बघायचं.

बिझनेस जेटच्या जगात या ‘का’चं उत्तर पुष्कळदा मागच्या सीटवर बसलेलं असतं. एअरलाईनच्या पायलटवर प्रवासी चिडला तरी पायलटचा पगार त्याच्या हातात नसतो. इथे विमानाचा मालक किंवा ते भाड्याने घेणारा दहा फुटांवर असतो. २९ मार्च २००१ ला कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेनला चार्टरचं गल्फस्ट्रीम थ्री डोंगराला धडकलं, १८ माणसं गेली. मंडळी उशिरा निघाली होती, अंधार पडत होता, बर्फ पडत होता, आणि त्या विमानतळावर रात्री उतरण्यावर बंधन होतं. धावपट्टी दिसत नसताना पायलट ठरलेल्या उंचीच्या खाली आले, हे अपघाताचं मुख्य कारण. पण हातभार लावणाऱ्या कारणांत एनटीएसबीने स्पष्ट लिहिलं: विमान भाड्याने घेणाऱ्या ग्राहकाचा कॅप्टनवर उतरण्यासाठी दबाव.

हे वाचलेलं होतं, पण समजलं एका सरांमुळे. आमच्या एका ग्राहकाकडे ते सेफ्टी बघायचे. हवाई दलातून निवृत्त, मूळचे साताऱ्याचे. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) त्यांच्या विमानाचे अनस्टेबल अ‍ॅप्रोच वाढले होते. उतरताना जमिनीपासून हजार फुटांवर, हवा स्वच्छ असेल तर पाचशे फुटांवर, विमानाचा वेग, उतार, चाकं, फ्लॅप सगळं जागच्या जागी असायला हवं. नसेल तर उतरायचं नाही, वर जाऊन फेरी मारायची, असा नियम. प्रत्यक्षात फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार असं बिघडलेलं उतरणं सोडून देऊन वर जाण्याचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. बाकीचे तसेच उतरतात, आणि जवळजवळ सगळे सुखरूप उतरतात.

सरांनी मला एकच काम सांगितलं. “अगं, उतरले तेव्हा सूर्यास्ताला किती मिनिटं बाकी होती, तेवढं लाव बघू याला.” आपल्याकडच्या अनेक छोट्या धावपट्ट्यांवर रात्री उतरायची सोय नाही. मी तारीख आणि अक्षांश-रेखांशावरून सूर्यास्त काढला आणि आलेख केला. दुपारी जवळपास काहीच नाही. शेवटच्या अर्ध्या तासात ठिपक्यांची गर्दी. पायलट कुणीही असो.

“सर, यात नवीन काय? उशीर झाला की घाई होणारच.”

“नवीन काहीच नाही. पण आता ते कागदावर आहे. इतके दिवस ती माझी कुरकुर होती.”

सरांनी तो कागद पायलटांना दाखवलाच नाही. थेट मालकांकडे नेला, कुणाचं नाव न घालता. सांगितलं, पायलट बदलून हे बदलणार नाही, तुमची निघायची वेळ बदलली तर बदलेल. नियम ठरला: सूर्यास्ताच्या चाळीस मिनिटं आधी पोचता येत नसेल तर उड्डाण नाही, गाडीने जायचं. दोनदा मालक खरंच गाडीने गेले. दोन महिने माझ्या आलेखाचा तो कोपरा रिकामा होता. कोडच्या नोकरीत इतकं समाधान मला फार कमी वेळा मिळालंय.

तिसऱ्या महिन्यात एक इव्हेंट आला. सूर्यास्ताआधी अकरा मिनिटं. मालकांच्या ऑफिसातून परस्पर पायलटला फोन गेला होता, सरांना विमान उतरल्यावर कळलं. सरांनी लेखी विचारलं. उत्तर आलं नाही. विमान सुखरूप उतरलं होतं, त्यामुळे विचारण्यासारखं काही उरलं नाही असं सगळ्यांचं मत होतं. थोड्या आठवड्यांनी सरांनी राजीनामा दिला.

मी हे बाबांना सांगितलं. बाबा नाशिकला, सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर होते. ते म्हणाले, “आमच्याकडे गेटवर बोर्ड होता. अपघाताविना किती दिवस, त्याचा.” लहानपणी मी तो पाहिलाय, चारशे की पाचशेच्या घरात होता. एकदा प्रेसमध्ये एकाचं बोट चेचलं. त्याला स्कूटरवर बसवून खासगी दवाखान्यात नेलं आणि रजेच्या अर्जावर ‘घरगुती काम’ लिहिलं. चार मार्चला सुरक्षा सप्ताहात बोर्डासमोर फोटो निघाला. बाबा सांगत होते, की सेफ्टी ऑफिसर माणूस चांगला होता, पण त्याचा साहेब आणि प्रॉडक्शनचा साहेब एकच होता.

बाबांच्या या वाक्याने मला या करिअरचा नकाशा दिला. एरवी त्याबद्दल जी माहिती मिळते ती अशी: बहुतेक लोक पायलट, मेंटेनन्स इंजिनिअर किंवा हवाई दलातून येतात, आता हळूहळू डेटावालेही येतायत. एनबीएएची सर्टिफाइड एव्हिएशन मॅनेजर ही परीक्षा आहे. २०१३ मध्ये आयकाओ या जागतिक संघटनेने सुरक्षेसाठी वेगळं परिशिष्ट १९ आणलं. अमेरिकेने २०२४ च्या नियमाने चार्टरवाल्यांनाही सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिम सक्तीची केली, मुदत २८ मे २०२७. म्हणजे जागा वाढणार. हे सगळं खरं आहे आणि उपयोगाचं आहे. पण खुर्चीचा हुद्दा काय यापेक्षा ती कुणाच्या शेजारी ठेवलीय हे आधी बघायला हवं. प्रत्येक ऑपरेटरकडे एक अकाउंटेबल मॅनेजर असतो, पैसा आणि जबाबदारी दोन्ही ज्याच्या सहीवर चालतात असा. सेफ्टीवाल्याला त्याच्यापर्यंत थेट जाता येत नसेल, मधे ऑपरेशन्सचा साहेब असेल, तर उरतो तो बोर्ड.

म्हणून मुलाखतीला मी तीन प्रश्न लिहून नेले. ही पोस्ट कुणाला रिपोर्ट करते? सेफ्टी विभागाने ‘थांबा’ म्हटलं आणि तरी उडायचं ठरलं, तर तो निर्णय कोण घेईल आणि त्यावर त्याची सही असेल का? आणि गेल्या वर्षभरात तुमच्याकडे आपणहून आपली गडबड कुणी सांगितली, आणि त्याचं पुढे काय झालं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं, ऑपरेशन्स हेडला. मी म्हटलं, मग मला जमणार नाही. समोरच्या मॅडम जरा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “हे आधी कुणी विचारलं नव्हतं.” आठवड्याने सुधारलेलं पत्र आलं. रिपोर्टिंगच्या रकान्यात अकाउंटेबल मॅनेजर. सहीचा मुद्दाही त्यांनी मॅन्युअलमध्ये घालायचं कबूल केलंय. घातलेला अजून पाहिलेला नाही.

पत्र कितीही चांगलं असलं तरी सरांसारखा परस्पर फोन इथेही जाऊ शकतो, हे मला माहीत आहे. तेव्हा मी काय करेन, याचा सराव कुठल्या कोर्समध्ये होत नाही. आईला मी एवढंच सांगितलं, की एक वर्ष बघते. ती म्हणाली, “एक वर्षाचं भाडं बाजूला काढून ठेव मग.” ते ठेवलंय.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी अभिमानाने दिलं होतं. वर्षभरात एकही रिपोर्ट नाही. पूर्ण शून्य. एक तारखेला रुजू होतेय, आणि पहिल्या आठवड्यात कॉम्प्युटर न उघडता सगळ्या पायलटांबरोबर आणि हँगरमधल्या मंडळींबरोबर एकेक चहा घ्यायचा ठरवलाय.