वरकसावरचे गवत आणि झाडाखालची सावली

भिवंडी तालुक्यात कोणते झाड कोठे लावावे, या प्रश्नाचे उत्तर झाडांच्या यादीत सापडत नाही. ते जमिनीच्या उतारात सापडते. कामवारी, तानसा आणि भातसा यांच्या खोऱ्यांत तळाशी भाताची खाचरे आहेत, जेथे पाणी अडते आणि माती खोल असते. खाचरांच्या वर वरकस जमीन, म्हणजे पातळ मातीचा मुरमाड उतार, ज्यावर पूर्वी नाचणी आणि वरी होत असे आणि मधल्या वर्षांत गवत वाढू दिले जाई. त्याच्याही वर ऐन, साग आणि किंजळ यांचे रान. वर्षाचा अडीच हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस चार महिन्यांत पडून जातो, आणि मुरूम पाणी धरून ठेवत नसल्याने याच उतारावर मार्चमध्ये ओलावा उरत नाही. त्यामुळे येथे टिकणाऱ्या वनस्पतीला जुलैतले साचते पाणी आणि एप्रिलमधला कोरडा उन्हाळा ही दोन्ही टोके सोसावी लागतात, आणि अशी वनस्पती निवडायची तर माळावर आधीपासून उभ्या असलेल्या गवताकडे प्रथम पाहणे भाग आहे.

ठाणे जिल्ह्याच्या माळांवरचे वाळलेले गवत मुंबईच्या तबेल्यांतील म्हशींना पिढ्यान्‌पिढ्या पुरवले गेले आहे. तरीही या गवताला पीक मानण्याची सवय फारशी रुजली नाही. ते आपोआप उगवते, म्हणून त्याचे व्यवस्थापन करायचे नसते, अशी समजूत राहिली आणि माळ खालावण्याचे मोठे कारण तीच आहे. फादर एथलबर्ट ब्लॅटर आणि चार्ल्स मॅककॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरचा ग्रंथ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला, तर दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारतातील गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार मांडले आणि दख्खनसह द्वीपकल्पाचा मोठा भाग पवन्या-मारवेल गटात घातला. पवन्या हे निचऱ्याच्या मुरमाड उतारावरचे, जनावरांना आवडणारे बहुवर्षायू गवत आहे, म्हणजे त्याचे ठोंब वर्षानुवर्षे जिवंत राहून प्रत्येक पावसाळ्यात पुन्हा फुटतात. मारवेलला त्याहून भारी आणि ओल धरणारी माती मानवते. या दोहोंबरोबर डोंगरी आणि कुसळी ही गवतेही उभी असतात, आणि कोणाचे प्रमाण किती, हे पाहून माळाची प्रकृती ओळखता येते.

कुसळीचे प्रमाण वाढले की माळावर चराईचा किंवा आगीचा ताण आहे असे समजावे. जनावर आधी चवदार गवत खाते. पहिल्या पावसानंतर फुटलेला कोंब मुळांत साठवलेल्या अन्नावर वाढत असतो, आणि तोच कोंब जूनमध्ये पुन्हा पुन्हा खाल्ला गेला तर पवन्याचे ठोंब दोन-चार वर्षांत मरते, तर न खाल्लेली कुसळी त्याची जागा घेते. तिच्या बियांना लांब कूस असते, जी ओलसर हवेत पीळ सोडते आणि कोरडी पडल्यावर पुन्हा वळते. या हालचालीने बी जमिनीत घुसते आणि माळ पेटला तरी बहुधा वाचते. वणव्याने पुढच्या वर्षी गवत चांगले येते ही समजूत त्यामुळे अर्धीच खरी आहे: हिरवा फुटवा लवकर दिसतो, पण दरवर्षीच्या आगीने कुसळीला मोकळे रान मिळते आणि तिची पक्व कुसे जनावरांच्या तोंडात रुततात. गवत गुडघ्याएवढे होईपर्यंत माळ चराईला बंद ठेवणे आणि दिवाळीनंतर कडेने गवत काढून जाळपट्टा करणे, या दोन कामांनी माळात जो फरक पडतो तो विकतच्या बियाण्याने पडत नाही.

कापणीचा काळ हा याहून अवघड प्रश्न आहे. गवत फुलोऱ्यावर येते तेव्हा, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून, त्यातील प्रथिने पुरेशी असतात. बी पिकून पडले की पाने कडक होतात आणि चाऱ्याचा कस झपाट्याने उतरतो. परंतु सप्टेंबरमध्ये पाऊस उघडलेला नसतो, आणि ऑक्टोबरमध्ये घरातील सारे हात भाताच्या कापणीत गुंतलेले असतात, म्हणून माळ दिवाळीनंतर कापला जातो आणि उडवीत रचले जाणारे गवत पोट भरते, पोषण मात्र थोडेच करते. यात शेतकऱ्याचा दोष नाही, मजुरीचा पेच खरा आहे. तरीही पाऊस उघडताच माळाचा एखादा पट्टा फुलोऱ्यावर कापून दोन-तीन दिवसांच्या उन्हात वाळवला तर दुभत्या जनावरासाठी वेगळे ठेवण्याजोगे गवत मिळते. कापताना ठोंबाची सुमारे १० सेंटिमीटर उंची राखावी, कारण पुढचा फुटवा तेथूनच येतो.

गवताबरोबर एखादी शेंगवर्गीय वनस्पती असली तर चाऱ्यात प्रथिने येतात आणि तिच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत बांधतात. त्यासाठी मूळ अमेरिकेतील स्टायलो महाराष्ट्रात पसरली आहे. तिच्या बियांचे कवच कठीण असल्याने ते गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून मऊ करावे लागते, आणि भिवंडीसारख्या दमट पावसाच्या भागात तिच्यावर करपा येऊ शकतो, म्हणून ती उताराच्या वरच्या, निचऱ्याच्या पट्ट्यातच विरळ पेरणे शहाणपणाचे आहे. पॅरा गवताचे स्थान याच्या नेमके उलट आहे. १९४९ मध्ये वसलेल्या आरे दुग्धवसाहतीत गोठ्यांच्या सांडपाण्यावर ते घेतले गेले आणि तेथे ते योग्यही होते, कारण साचलेल्या पाण्यात ते जोमाने वाढते. पण हाच जोम खाचराच्या पाटात शिरला तर पाट बुजतो. सुबाभूळ बांधावर लावताना तिचे आपोआप पसरणारे बी आणि पाल्यातील मिमोसिन हे घातक द्रव्य, दोन्ही लक्षात घ्यावीत. बांधासाठी तिच्याऐवजी गिरीपुष्प निवडावे, ज्याचा पाला जूनमध्ये छाटून खाचरात गाडला की भाताला हिरवे खत मिळते आणि राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, ऐनाच्या फांद्या तोडण्याची गरजही कमी होते.

राज्यात १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली आणि कोकणातील पुष्कळ वरकस जमीन आंबा-काजूखाली आली. बाग वाईट नव्हती, पण गवताच्या उत्तम उतारावर खड्डे घेतले गेले तेथे माळ गेला आणि पाण्याअभावी कलमेही जगली नाहीत, असे दुहेरी नुकसान झाले. कलमासाठी माती खोल आणि विहीर जवळ असावी. हापूसमध्ये साका, म्हणजे गराचा एक भाग न पिकता पांढरट राहण्याचा दोष, आणि एक वर्षाआड फळण्याची खोड असते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली रत्ना या दोन्हींतून बरीच मुक्त आहे, आणि समुद्रापासून आत असलेल्या भिवंडीच्या गावांत तिचा विचार हापूसच्या आधी व्हायला हवा. पालघर तालुक्यातील बहाडोलीचे जांभूळ नावारूपाला आले आहे, त्यामुळे ओढ्याकाठच्या ओलसर जागी जांभळाला मान द्यायला हरकत नाही. बागेतले गवत समूळ काढणे मात्र चूक आहे: कलमाभोवती मीटरभराचे आळे स्वच्छ ठेवून ओळींमधले गवत पावसाअखेर कापावे आणि आळ्यात आच्छादन म्हणून पसरावे, म्हणजे ओल टिकते. हे आच्छादन खोडाला चिकटू देऊ नये, नाहीतर वाळवी लागते.

सावलीतल्या बागेबाबत रत्नागिरीच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राशी जोडली गेलेली लाखीबाग, म्हणजे नारळाखाली मिरी, जायफळ आणि दालचिनी घेण्याची पद्धत, जशीच्या तशी भिवंडीत आणता येत नाही. नारळाखालचा प्रकाश झाडाच्या वयाप्रमाणे बदलतो: पहिली सुमारे आठ वर्षे तो भरपूर असतो, पुढे पंचवीस वर्षांपर्यंत फार कमी होतो आणि झाड उंच गेल्यावर पुन्हा वाढतो, म्हणून मधल्या काळात आंतरपिकाचा हट्ट धरू नये. शिवाय जायफळाला उन्हाळाभर ओलावा लागतो, आणि भिवंडीच्या कोरड्या, तापट एप्रिलमध्ये तो पुरवणे बहुतेकांना परवडत नाही. येथे हळद, सुरण आणि अळू ही पिके अधिक विश्वासाची आहेत, कारण हळद आणि सुरण पावसाळ्यात वाढून उन्हाळ्यात जमिनीखालच्या कंदात विसावतात, तर अळू मोरीच्या पाण्याजवळ बारमाही राहते. जुन्या आंब्याखालची दाट सावली यांनाही झेपत नाही. तेथे झाडाच्या घेराच्या कडेने, सकाळचे ऊन पोहोचते त्या पट्ट्यातच लागवड करावी.

मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या कित्येक माळांवर आता गोदामे उभी आहेत आणि तेथील गवत परत येणार नाही. ज्यांच्याकडे पवन्याचा उतार अजून शिल्लक आहे त्यांनी तो फळबागेसाठी खणू नये, आणि दरवर्षी त्यातील एक पट्टा बी पिकून जमिनीवर पडेपर्यंत न कापता ठेवावा.