पैनगंगेची हद्द आणि पामर कंपनीची वही

हिमायतनगरहून उत्तरेला निघालं की पैनगंगा लागते. अलीकडे नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळचा उमरखेड तालुका. आम्ही मराठवाड्याचे, ते वऱ्हाडाचे. माती दोन्हीकडे काळी, पीक दोन्हीकडे कापूस आणि सोयाबीन. सोयरिकी तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. तरीही १८५३ ते १९५६ अशी एकशे तीन वर्षं या दोन काठांवर वेगवेगळा अंमल होता. ही हद्द कुठल्या लढाईत ठरली नाही. ती कर्जाच्या हिशेबातून ठरली. हैदराबाद आणि ईस्ट इंडिया कंपनी या दोन सत्तांमध्ये हा हिशेब कसा सुरू झाला, ते बघायचं तर विल्यम पामर अँड कंपनी या पेढीची वही उघडावी लागते.

विल्यम पामर १७८० साली लखनौत जन्मला. बाप इंग्रज लष्करी अधिकारी, जो पुढे पुण्यात पेशव्यांच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट होता. आई फैज बख्श ही मुसलमान. मुलगा निजामाच्या फौजेत नोकरीला लागला आणि नंतर नोकरी सोडून व्यापारात उतरला. पेढीचा सुरुवातीचा बेत गोदावरी खोऱ्यातलं लाकूड नदीवाटे समुद्राकडे नेण्याचा होता. पण खरी कमाई सावकारीत आहे हे पेढीला लवकरच कळलं.

कारण निजामाच्या खजिन्यात कायम खडखडाट. १८००च्या तहानुसार तैनाती फौजेच्या खर्चापोटी मोठा मुलूख आधीच देऊन झाला होता. त्याशिवाय रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली आणखी एक फौज उभी राहिली. तीच पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेली. हुकूम इंग्रजांचा, पगार निजामाचा. हा पगार महिन्याच्या महिन्याला रोख हवा असे. वसुली मात्र सुगीनंतर, तीही इजारदारांच्या हातून गळत गळत येणार. मधली फट पामरच्या पेढीने भरली. पेढी पगाराची रक्कम आगाऊ देई आणि बदल्यात महसुलावर हक्क लिहून घेई. व्याजाचा दर शेकडा चोवीस-पंचवीस.

देशी राजांना इंग्रज प्रजाजनांनी परवानगीशिवाय कर्ज देऊ नये, असा ब्रिटिश पार्लमेंटचा कायदा होता. १८१६ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने पेढीला त्यातून सूट दिली. सर विल्यम रम्बोल्ड हा पेढीचा भागीदार होता, आणि रम्बोल्डची बायको हेस्टिंग्जच्या छत्राखाली वाढलेली मुलगी होती. एवढं सांगितलं की बाकीचं वाचकांच्या लक्षात येईल.

१८२० साली साठ लाखांचं नवं कर्ज मंजूर झालं. व्याज शेकडा अठरा, म्हणजे कागदावर निजामाचा फायदाच. त्याच वर्षी चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला आणि त्याने हिशेब तपासायला घेतला. तेव्हा दिसलं की साठ लाखांतला मोठा भाग हा जुन्याच देण्याची फिरवाफिरव होता आणि आठ लाख तर पेढीचा बोनस म्हणून मुद्दलात धरलेले होते. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. जुनं थकलेलं खातं नव्याने करायचं, व्याज मुद्दलात घालायचं आणि वर 'तुझ्यासाठी दर कमी केला' म्हणायचं, ही रीत त्याच्या ओळखीची आहे.

पुढे पेढीचं देणं ईस्ट इंडिया कंपनीने चुकतं केलं. पण तेही फुकट नाही. उत्तर सरकार या किनारपट्टीच्या मुलखाबद्दल इंग्रज निजामाला दरसाल सात लाख पेशकश देत असत. १८२३ मध्ये सुमारे एक कोटी सोळा लाखांची एकरकमी भरपाई ठरली आणि ती पेशकश कायमची संपली. कर्ज फिटलं, पण कायमचं उत्पन्न गेलं. पेढीही लवकरच, १८२४च्या सुमारास बुडाली.

पेढी बुडाली तरी तिने घालून दिलेली वाट तशीच राहिली. कंटिंजंटचा पगार होताच. आता तो भरायला मुंबईच्या पारशी सावकारांची पेस्तनजी मेहेरजी पेढी पुढे आली. तिच्याकडे वऱ्हाड आणि औरंगाबादकडचा महसूल तारण होता. औरंगाबादच्या टांकसाळीत या पेढीने पाडलेला रुपया 'पेस्तनशाही' नावाने ओळखला जातो. राज्याच्या नाण्याला सावकाराचं नाव लागलं, याहून राज्याची अवस्था काय सांगायची? शेवटी मधले सावकार संपले आणि ईस्ट इंडिया कंपनी स्वतःच फौजेचा खर्च निजामाच्या नावावर मांडू लागली. २१ मे १८५३च्या तहाने त्या खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्ग इंग्रजांकडे गेले. १८६०मध्ये रायचूर आणि धाराशिव परत मिळाले. वऱ्हाड आलं नाही. १९०२मध्ये लॉर्ड कर्झनने ते वर्षाला पंचवीस लाखांच्या बदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतलं. १९३६मध्ये निजामाच्या थोरल्या शहजाद्याला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब मिळाला. या शहजाद्याचं नाव मीर हिमायत अली खान. किताब हैदराबादला, वऱ्हाड नागपूरकडे.

माझ्या नानीचं माहेर उमरखेडकडचं. तिच्या बोलण्यात रुपये दोन प्रकारचे असत, हाली आणि कलदार. हाली निजामाचा, कलदार इंग्रजांचा. माहेराहून येताना करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडं सोडावं लागे, हे ती हसत सांगायची. तिचे भाऊ मराठी शाळेत गेले. नाना या काठावरचे, त्यांचं शिक्षण उर्दूत झालं. घरात दखनी बोलायचे, शेतात मराठी, आणि सरकारी कागद आला की ज्याच्या काठाचा कागद त्याने वाचायचा. हे सगळं एका फौजेच्या पगारातून आलंय, हे दोघांनाही माहीत असण्याचं कारण नव्हतं.

हा इतिहास मी का उगाळतोय? दर सप्टेंबरमध्ये, मुक्तिसंग्राम दिनाच्या आसपास, मराठवाड्यातल्या मुसलमानाला निजामाचा वारस ठरवून जाब विचारला जातो. 'निजामाची औलाद' ही शिवी आमच्या पोरांनी शाळेत ऐकलेली असते. शिवी देणाऱ्यांना वाटतं, निजामाचं राज्य म्हणजे मुसलमानांचं राज्य, त्यातला फायदा मुसलमानांचा आणि तोटा इतरांचा.

मग पामरच्या वहीतली नावं बघा. पेढीत मुसलमान आईचा इंग्रज मुलगा, एक इंग्रज सरदार, आणि बंकटीदास हा गुजराती सावकार. कर्ज काढणारा कारभारी राजा चंदुलाल हा हिंदू, गादीवर सिकंदर जाह हा मुसलमान. पुढच्या वहीत पारशी. सूट देणारा इंग्रज, चौकशी करणाराही इंग्रज. वहीच्या वरच्या बाजूला सगळे धर्म आहेत. खालच्या बाजूला एकच जमात आहे, शेतसारा भरणाऱ्यांची. इजारदाराने दाणे नेले तेव्हा त्याने कुणब्याचं खळं आणि मुसलमानाचं खळं असा भेद केला नाही. माझे पूर्वज त्या खालच्या बाजूचे. गावातल्या बहुतेकांचे पूर्वज तिथलेच.

निजामाची बाजू घ्यायला मी हे लिहीत नाही. ज्या दरबाराने स्वतःच्या रयतेचा महसूल पंचवीस टक्क्यांच्या व्याजाला तारण ठेवला, आणि तेही व्याज हराम मानणाऱ्या दीनचं नाव घेत, त्या दरबाराची वकिली मी करणार नाही. जाब जरूर विचारावा. फक्त तो वही बघून विचारावा. कोणी घेतलं, कोणाच्या सहीने घेतलं आणि कोणी फेडलं, हे तिथे मांडलेलं आहे. फेडणाऱ्यांच्या नातवंडांनी एकमेकांकडे जाब मागत बसावं, यात घेणाऱ्यांचीच सोय आहे.